शंभर दाणे

२०२० च्या जून महिन्यात मी रोज सकाळी आमच्या रानात वाकून माती उकरत होते. मृगाचा पाऊस चांगला झाला होता. वापसा पाहून आम्ही सोयाबीन पेरलं होतं. पाचव्या-सहाव्या दिवशी तासात हिरवी रेघ दिसायला हवी, पण आमच्या रानात हातभर अंतरावर एखादंच रोप होतं आणि मध्ये सगळी काळी माती. उकरलं की दाणा हाताला लागायचा. फुगलेला, बुळबुळीत, कुजायला लागलेला. आठव्या दिवशी मालक म्हणाले, "मोडावं लागंल." दुबार पेरणीचा खर्च म्हणजे पुन्हा बियाणं, पुन्हा खत, पुन्हा ट्रॅक्टरचं भाडं. त्यासाठी मी दोन गाभण शेळ्या विकल्या. त्या शेळ्यांची किंमत मला आजही तोंडपाठ आहे.

माझं गाव धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यात. चार एकर कोरडवाहू रान, एक विहीर, तीही फेब्रुवारीत तळ दाखवणारी. त्या वर्षी हे एकट्या आमच्यावर आलं नव्हतं. मराठवाड्यात आणि राज्यात इतरत्रही सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग लागला होता. बियाणं आम्ही विकतच घेतलं होतं. पिशवी होती, पावती होती, तक्रारही केली. तक्रारीचं काय झालं हे सांगण्यासाठी मी लिहायला बसलेली नाही. त्याच पंधरवड्यात मी पहिल्यांदा तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्राची पायरी चढले, आणि त्यानंतर माझ्या शेतीत जे बदललं ते मला सांगायचं आहे.

आमच्याकडे त्याला सगळे 'केव्हीके' म्हणतात. तुळजापूरला देवीच्या दर्शनाला मी लहानपणापासून शेकडो वेळा गेले असेन, पण या केंद्रात कधी डोकावले नव्हते. ते साहेब लोकांचं, मोठ्या बागायतदारांचं, असं मनात बसलं होतं. तिथल्या मॅडमनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि एकच प्रश्न विचारला, "ताई, पेरायच्या आधी शंभर दाणे उगवून पाहिले होते का?" नव्हते पाहिले. पिशवीवर छापलंय म्हणजे उगवणारच, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग त्यांनी कारण समजावलं. सोयाबीनचा कोंब दाण्याच्या पातळ सालीखालीच असतो. ज्वारी किंवा हरभऱ्यासारखं हे बियाणं कणखर नाही. मळणी यंत्राचे फेरे जास्त झाले, पोती आपटली, थप्पी उंच लागली की साल फुटते आणि कोंब मरतो. वरून दाणा चांगला दिसतो, आतून तो गेलेला असतो. शिवाय २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढणीच्या वेळीच अवकाळी पावसाने झोडपलं होतं. बियाण्यासाठी ठेवलेलं सोयाबीनही त्यात भिजलं. म्हणजे जूनमध्ये माझ्या रानात जे कुजलं, त्याची सुरुवात आदल्या दिवाळीतच झाली होती.

तेव्हा शिकलेली रीत इथे देते, कारण ती कुठल्याही घरात करता येते आणि तिला जुनी वर्तमानपत्रं आणि एक प्लास्टिकची पिशवी यांपलीकडे काही लागत नाही. पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ बियाणं काढायचं आणि त्यातले शंभर दाणे न निवडता मोजायचे. चांगले चांगले वेचले तर आपण आपल्यालाच फसवतो. वर्तमानपत्राच्या कागदाला चार घड्या घालून तो पाण्यात भिजवायचा. त्यावर बोटभर अंतराने दहा दाणे मांडून गुंडाळी करायची. अशा दहा गुंडाळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून सावलीत ठेवायच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी उघडून धड कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर एकरी तीस किलो हे नेहमीचं प्रमाण ठेवायचं. सत्तरच्या खाली असेल तर बियाणं वाढवायचं. साठच्याही खाली गेलं तर ते पेरायचंच नाही.

सोयाबीनचे वाण संकरित नसून सरळ असतात, त्यांचं घरचं बियाणं तीन वर्षं वापरता येतं, हेही मला तिथेच कळलं. दरसाल पिशवी विकत आणण्याची गरजच नव्हती. दुबार पेरणीतून जे हाती आलं त्यातला बियाण्याचा भाग आम्ही वेगळा काढला. मळणी यंत्र हळू चालवलं, पोती लाकडी फळ्यांवर ठेवली, उंच थप्पी लावली नाही. २०२१ च्या मे महिन्यात मी पहिल्यांदा शंभर दाणे गुंडाळले. त्र्याऐंशी उगवले. ते त्र्याऐंशी कोंब पाहताना मला झालेला आनंद पोरीच्या दहावीच्या निकालाएवढाच होता.

हे केंद्र कुणाचं, ते इथे का आहे, हे मी पुढे हळूहळू विचारून घेतलं. तुळजापूरचं केंद्र परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं आहे. हे विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी सुरू झालं. महाराष्ट्रात पहिलं कृषी विद्यापीठ १९६८ साली राहुरीला झालं, दुसरं १९६९ साली अकोल्याला, आणि १९७२ साली परभणी व दापोली. परभणीच्या विद्यापीठाला वसंतराव नाईकांचं नाव २०१३ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी मिळालं. या विद्यापीठांवर कायद्यानेच तीन कामं सोपवलेली आहेत: शिकवणं, संशोधन करणं आणि ते संशोधन शेतापर्यंत नेणं. या तिसऱ्या कामाला 'विस्तार शिक्षण' म्हणतात. आमच्यासारख्यांचा विद्यापीठाशी संबंध येतो तो याच दारातून.

शेतकऱ्याला शिक्षण हवं हा विचार आपल्याकडे जुना आहे. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये शेतकऱ्यांच्या मुलांना विद्या मिळावी, शेतीची प्रदर्शनं भरवावीत, चांगलं पीक काढणाऱ्याला बक्षिसं द्यावीत, असं सरकारला सुचवलं होतं. तिकडे अमेरिकेत १९०३ साली टेक्सासमधल्या टेरेल गावी सीमन नॅप नावाच्या माणसाने एक वेगळी वाट धरली. सरकारी फार्मवर पीक दाखवण्याऐवजी त्यांनी पोर्टर नावाच्या शेतकऱ्याच्याच रानात नव्या रीतीने पीक घ्यायला लावलं. नुकसान झालं तर भरून देऊ, अशी हमी गावातल्या व्यापाऱ्यांनी घेतली. नुकसान झालं नाही, आणि शेजाऱ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. पुढे १९१४ मध्ये तिथे स्मिथ-लीव्हर कायदा झाला आणि कृषी विद्यापीठांचं ज्ञान शेतीपासून घरातल्या आहारापर्यंत पोहोचवणारी माणसं जिल्ह्याजिल्ह्यात नेमली जाऊ लागली. आपल्याकडे डॉ. मोहनसिंह मेहता समितीने १९७३ मध्ये कृषी विज्ञान केंद्रांची कल्पना मांडली. पहिलं केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीला उघडलं. आज देशात अशी सातशेहून जास्त केंद्रं आहेत. काही विद्यापीठांची, काही संस्थांची. पैसा मुख्यतः भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडून येतो.

नॅपसाहेबांनी जे टेरेलमध्ये केलं, तेच २०२१ च्या खरिपात माझ्या बांधावर झालं. केंद्राने गावातली काही रानं प्रात्यक्षिकाला घेतली, त्यात आमचा एक एकर होता. रान आमचं, कष्ट आमचे. बियाणं, बीजप्रक्रियेची औषधं आणि सल्ला त्यांचा. शेजारचा तुकडा आम्ही आमच्याच रीतीने पेरायचा, अशी अट. हीच गोष्ट मला सगळ्यात पटली. दोन्ही तुकडे एकाच मातीत, एकाच पावसात, एकाच घरच्या माणसांच्या हाताखाली. मग फरक पडला तर तो कशाने पडला हे भांडून ठरवावं लागत नाही.

प्रात्यक्षिकाच्या तुकड्यात पेरणी रुंद वरंबा सरी पद्धतीने, म्हणजे बीबीएफ यंत्राने केली. एका रुंद वरंब्यावर सोयाबीनच्या चार ओळी आणि दोन्ही बाजूंना सरी. आमच्या जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, पण तो वेळापत्रकाने येत नाही. पंधरा-वीस दिवस ओढ देतो, मग एका रात्रीत महिन्याचा पडतो. ओढ पडली की सरीत मुरलेली ओल वरंब्याला पुरते. धो धो पडला की सरीतून जास्तीचं पाणी निघून जातं आणि मुळं गुदमरत नाहीत. बियाणंही कमी लागतं. माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, ते सऱ्या पाहून आधी नाराज झाले. "एवढी जागा मोकळी सोडली, काय पिकणार तिच्यात?" म्हणाले. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली तेव्हा ते रोज संध्याकाळी दोन्ही तुकड्यांच्या मधल्या बांधावर जाऊन बसू लागले. आमच्या रीतीचं पीक दुपारी माना टाकायचं, वरंब्यावरचं तग धरून होतं. मामा काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी यंत्राचं बुकिंग मात्र त्यांनीच केलं.

काढणी झाल्यावर दोन राशी वेगळ्या मोजल्या. वरंब्यावरची पोती जास्त भरली. पण एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी गुलाब चक्रीवादळाचा पाऊस झाला. मांजरा, तेरणा नद्यांना महापूर आला, काठची रानं माती वाहून जाईपर्यंत खरडली गेली. आमचं रान माळावर म्हणून वाचलं. नदीकाठी माझ्या मावसबहिणीच्या रानात वरंबाही राहिला नाही आणि सरीही. विद्यापीठाचं तंत्र एका मर्यादेपर्यंत हात देतं. त्यापलीकडे विमा लागतो, मदत लागते, सरकार लागतं. तंत्र सांगणाऱ्यांनी हे तोंडाने म्हटलं की त्यांच्यावरचा विश्वास वाढतो. आमच्या केंद्रातल्या सरांनी ते शेतदिनाच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हटलं.

यंत्र सगळ्यांना मिळत नाही, हा दुसरा प्रश्न. गावात बीबीएफ एखादं, आणि वापसा सगळ्यांच्या रानात एकाच दिवशी येतो. त्यावरही उपाय निघाला. पीक महिन्याचं झालं की कोळप्याच्या जानोळ्याला दोरी गुंडाळायची आणि चार ओळींनंतर एक सरी ओढायची. खर्च फक्त दोरीचा. ज्या जाऊबाईंनी प्रात्यक्षिकाला नाव दिलं नव्हतं, त्यांच्या रानातही आता अशा सऱ्या दिसतात. हे मला फार मोलाचं वाटतं. यंत्र नसलेल्या माणसालाही त्यामागचं तत्त्व समजलं आणि त्याने ते आपल्या कोळप्यावर बसवलं.

आता शेळ्यांकडे येते, कारण विकलेल्या दोन शेळ्यांचं शल्य मला होतं. आमच्या जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं, पण जुनं नाव शेळीने जगभर नेलं आहे. उस्मानाबादी शेळी म्हणजे बहुधा काळीभोर, काटक, कोरड्या माळावरच्या झाडपाल्यावर जगणारी आणि बऱ्याचदा जुळी देणारी. दुष्काळात दावणीची गाय-म्हैस छावणीत न्यावी लागते. शेळी मात्र घरातली बाई एकटी सांभाळू शकते आणि अडीअडचणीला विकूही शकते. तिची नोंद सात-बारावर नसते. बाईच्या हातातला तो खरा पैसा आहे.

केंद्राच्या शेळीपालन प्रशिक्षणात मी जे शिकले ते फार साधं होतं, पण कोणी आधी सांगितलं नव्हतं. बोकड आपल्याच कळपातला ठेवायचा नाही, दोन वर्षांनी बदलायचा. नाहीतर करडं दुबळी निपजतात. पावसाळ्याच्या तोंडाला आंत्रविषाराची लस द्यायचीच, कारण कोवळं गवत पोटभर खाल्लं की धडधाकट शेळी रात्रीतून जाते. त्याला आमच्या गावात 'नजर लागली' म्हणत. जंताचं औषध पावसाळ्याआधी आणि नंतर. चार बायकांनी मिळून आम्ही एक चांगला बोकड दुसऱ्या तालुक्यातून आणला. आता माझ्या गोठ्यात सात शेळ्या आहेत.

केंद्रात गृहविज्ञानाच्या मॅडमही असतात, हे अनेकांना माहीत नसतं. विद्यापीठाचं परभणीला सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, पूर्वी त्याला गृहविज्ञान म्हणत. तिथून परसबाग, लेकरांचा आहार, सोयाबीन आणि ज्वारीचे पदार्थ, बायकांचे कष्ट कमी करणारी अवजारं, असे विषय येतात. शेतीतलं वाकून करायचं बहुतेक काम बाईच करते, खुरपणी तर सगळी तिचीच. त्यामुळे उभ्याने चालवायचं सायकल कोळपं माझ्या कमरेसाठी नव्या वाणाहूनही मोठी गोष्ट ठरली.

धाराशिवमध्ये हे काम एकट्या कृषी विद्यापीठाचं नाही. तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं ग्रामीण संकुल १९८६ पासून आहे. तिथली मुलं-मुली क्षेत्रकार्यासाठी गावोगाव येतात, रेशन, शाळा, पाणी यांविषयी बोलतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारीचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण आमच्या जिल्ह्यातल्या लोहारा आणि उमरगा तालुक्यांतली गावंही त्यात मोडली. त्या पुनर्वसनाच्या कामातून बायकांच्या संघटनेचं एक मोठं काम इथे उभं राहिलं. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग'ने बायकांना घरातून एक एकर स्वतःसाठी मागून घ्यायला शिकवलं, आणि त्या एकरात आधी घराला लागणारी कडधान्यं, तृणधान्यं, भाज्या घ्यायला. या संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. संस्था बायकांना एकत्र आणते, विद्यापीठ त्यांच्या हाती तपासलेलं बियाणं देतं. दोन्ही एका गावात आले की काम पुढे जातं.

आणि हे येणं-जाणं दोन्ही बाजूंनी असतं. दरवर्षी कृषी महाविद्यालयातली शेवटच्या वर्षाची मुलं गावात काही महिने काम करायला येतात. त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. आमच्या गावात आलेल्या एका मुलीने मला माती परीक्षणासाठी नमुना कसा काढायचा ते दाखवलं: नागमोडी चालत ठिकठिकाणी इंग्रजी 'व्ही' आकाराचा खड्डा, आणि बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती टाळायची. मी तिला ज्वारीच्या कणसातला दाणा पक्व झाला की नाही हे दातांखाली फोडून कसं ओळखायचं ते दाखवलं. तिने ते वहीत लिहून घेतलं. तिची वही परभणीला गेली असेल, असं मला वाटतं आणि बरं वाटतं.

परभणीच्या विद्यापीठाचे वर्षात तीन मोठे मेळावे असतात, आणि त्यांच्या तारखा मला फार आवडतात. १८ मे, विद्यापीठाचा स्थापना दिवस, तेव्हा खरिपाचा मेळावा. १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, तेव्हा रब्बीचा. आणि ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती, तेव्हा महिला शेतकऱ्यांचा. विद्यापीठाचं 'शेतीभाती' मासिक आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मराठवाड्यासाठी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. आता तो फोनवर येतो. माझी पोरगी मामांना वाचून दाखवते. फवारणी आज करायची की दोन दिवस थांबायचं, हे त्यावरून ठरतं. थांबल्यामुळे वाचलेली एक फवारणी म्हणजे घरात राहिलेला पैसा.

उणीव आहे, ती सांगते. आठ तालुक्यांचा आमचा जिल्हा, आणि केंद्रात शास्त्रज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. भूम-परंड्याच्या टोकाच्या गावातल्या बाईने तुळजापूरला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. गावात केंद्राची गाडी आली तरी ती पारावर थांबते, आणि पारावर बायका बसत नाहीत. कृषी दुकानदार मात्र रोज भेटतो, उधारीवर देतो, म्हणून सल्लाही त्याचाच चालतो. दुकानदार वाईट असतो असं नाही, पण औषध नको असा सल्ला त्याच्याकडून कसा मिळणार? 'काही फवारू नका, थांबा' असं सांगण्यात ज्याचं काहीच बुडत नाही, असा माणूस प्रत्येक गावाच्या हाकेच्या अंतरावर हवा. विद्यापीठाच्या विस्तार कामावर आणखी माणसं आणि पैसा का लावावा, याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे, आणि ते मला पुरेसं वाटतं.

गेल्या मे महिन्यात आमच्या ओट्यावर गल्लीतल्या नऊ बायका आपापल्या घरचं मूठमूठ बियाणं घेऊन बसल्या होत्या. वर्तमानपत्रं भिजवली, दाणे मांडले, गुंडाळ्यांवर नावं टाकली. पाचव्या दिवशी सगळ्या पुन्हा जमल्या. एकीचे शहात्तर, एकीचे एक्क्याऐंशी, माझे एकोणऐंशी. कोपऱ्यावरच्या घरातल्या म्हातारीचे चोपन्न. तिने तीन वेळा मोजले. मग गुडघ्यावर हात टेकून म्हणाली, "बरं झालं बाई, घरातच कळलं. रानात कळलं असतं तर मेलेच असते."

तिचं सोयाबीन मोंढ्यावर विकायला गेलं. पेरायला मी तिला माझ्या पोत्यातलं तीस किलो दिलं. पीक आल्यावर तिने बियाणं परत आणून दिलं. त्यातले शंभर मी येत्या मे महिन्यात मोजणार आहे.